लाल गिटारची घोडी

२८ जून १९६५, सोमवार

डॉक्टरांनी आज माझ्या वहीतल्या दोन ओळी लाल पेन्सिलीने खोडल्या, म्हणून ही दुसरी वही काढावी लागली. चिदंबरचा डावा हात रोज काय करतो तेवढेच इंग्रजीत लिहून आणा, असे त्यांनी सांगितले होते. मी ते लिहिले, आणि खाली ‘रुग्ण प्रयत्न करत नाही’ असेही लिहिले. ते म्हणाले, “मॅडम, हाताची नोंद हवी. शेरे नकोत.” तीस वर्षे प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिलेल्या बाईला हे सांगायला त्यांचे काय जाते. शेरे आता इथे. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या घरात मराठीत लिहिले की माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. चिदंबर मराठी बोलतो, पण वडिलांनी कितीही डोके फोडले तरी त्याने देवनागरी गिरवली नाही.

चिदंबर माझा धाकटा भाऊ, वय पंचावन्न. आयुष्यभर वीणा वाजवली आणि शिकवली, दुसरे काही केले नाही. फेब्रुवारीत झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मूल नाही. मार्चपासून माझ्याकडे आहे. आता काठी घेऊन चालतो. वाचा शाबूत आहे, गरजेपेक्षा जास्त. डावा हात लिंबू धरतो, सात आकडे मोजेपर्यंत.

मे महिन्यात एकदा वीणेपाशी बसला होता. वीणेची तार दांडीवरच्या पितळी पडद्यावर नुसती दाबून भागत नाही. दाबून बाजूला ओढावी लागते, म्हणजे सूर वर चढतो, झुलतो. ते गमक. गमक काढून घेतले तर राग म्हणजे नुसती बाराखडी उरते. त्याची बोटे दाबत होती, ओढत नव्हती. पाच मिनिटांनी त्याने वीणेला खोळ घातली आणि विचारले, “अक्का, जेवायला काय गे?”

त्याला आंघोळ घालून माझी पाठ धरते. साठाव्या वर्षी हे काम नवीन शिकावे लागले.

१ जुलै, गुरुवार

कृष्णमूर्ती आला. पापनाशमचा, चिदंबरचा जुना शिष्य. सहा वर्षे वीणा शिकून तो तिरुचीला गेला आणि लग्नांत सिनेमाची गाणी वाजवणारी पार्टी काढली. तेव्हा चिदंबरने त्याच्या नावाने आंघोळ केली होती. आज मात्र त्याने आणलेली जांगिरी, इथली जिलबीच ती, दोनदा मागून खाल्ली.

सोबत एक लाल गिटार होती. विजेवरची, कलकत्त्याची, स्वस्तातली. लाकूड म्हणजे चहाच्या खोक्याचे प्लायवुड, वर बसगाडीला देतात तसला रंग. हिच्या पोटावर एक लोखंडी दांडी आहे. सगळ्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या पट्टीला, म्हणजे घोडीला, ती जोडलेली आहे. दांडी दाबली की घोडी कलते, तारा सैल पडतात आणि सूर खाली लवतो. सोडली की सूर परत यावा अशी कल्पना.

“सार, तार ओढायला नको,” कृष्णमूर्ती चिदंबरला म्हणाला; ‘सर’ला तो सारच म्हणतो. “डावं बोट फक्त टेकवा. ओढायचं काम उजवा हात दांडीवर करील.”

“म्हणजे गुरूला खुळखुळा आणलास.”

“खुळखुळाच आहे, सार. पण माझा गिटारवाला मद्रासला पळाला आणि आवणी महिन्यात मी चौदा लग्नं घेऊन बसलोय.”

“लग्नात मी वाजवूं? लोक भातावर सांबार ओतून घेताना?”

“देवळात वाजवायचात तेव्हा तरी लोक कुठे बघायचे, सार? पोंगलच्या प्रसादाच्या रांगेकडेच ना?”

मी कॉफी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा गिटार चिदंबरच्या मांडीवर होती आणि दोघे भांडत होते. ठरले ते असे: आता आडी, म्हणजे तमिळ आषाढ, लागेल, लग्ने बंद. आडी संपता संपता, आवणी लागायच्या आधी, सोळा ऑगस्टला, कृष्णमूर्ती येऊन ऐकणार. दोन तास वाजवून वाद्य सुरात राहिले तर चिदंबरला पार्टीत घेणार; नाही राहिले तर दुसरा माणूस बघणार. असे स्वच्छ बोलणे मला आवडते. पार्टी मात्र आवडली नाही. घराण्यात लग्नाच्या मांडवात कोणी वाजवलेले नाही.

हात: लिंबू, नऊपर्यंत.

४ जुलै, रविवार

या वाद्याला स्वतःचा आवाज नाही. वायर आमच्या रेडिओच्या पाठीत खोचावी लागते. म्हणजे बातम्या गेल्या.

चिदंबरने जुळवली, एक सूर छेडला, दांडी दाबली, सोडली. सूर परत आला नाही, अर्ध्या वाटेत थांबला. पुन्हा जुळवली, पुन्हा तेच. चाळीस मिनिटांत सहा वेळा.

“अक्का, ह्या घोडीला घरची वाट माहीत नाही,” तो म्हणाला.

मी म्हटले, परत पाठवून दे.

“आणखी एक. ही खाली जाते. गमक वर जातं. मला हिनं वर न्यायला पाहिजे.”

“मग कशाला वाजवतोस?”

तो सातव्यांदा जुळवायला लागला. खुंट्या उजव्या हाताने फिरवतो आणि गिटार डाव्या कोपराने दाबून धरतो. हे डॉक्टरांच्या वहीत लिहिले. शेरा नाही, घटना आहे.

७ जुलै, बुधवार

दुपारी तो झोपला असताना मी गिटार उलटी करून पाठीचे झाकण उघडले. मला गोष्ट का बिघडते हे कळले नाही की स्वस्थ बसवत नाही. दोष सापडला, एक नव्हे, तीन.

घोडी म्हणजे पातळ पत्रा, कडेला सहा स्क्रूंनी लाकडात आवळलेली. कलताना पत्रा सहाही स्क्रूंना घासतो आणि दर वेळी वेगळ्या जागी अडकतो. पाठीमागे तीन गंजक्या स्प्रिंगा तिला परत खेचतात. त्यांत दम नाही. आणि मानेच्या टोकाला, जिथे तारा खाचांतून जातात, तिथे तारा चिकटतात. तिसरा दोष मी लगेच काढला: खाचांत पेन्सिलीचे शिसे घासले. तारा आता सुळसुळ सरकतात.

पहिल्या दोन दोषांना माणूस हवा.

१० जुलै, शनिवार

रामस्वामी आचारींना बोलावले; आचारी म्हणजे इथे सुतार, स्वयंपाकी नव्हे. दक्षिण राजवीथीवर त्यांचे वीणेचे काम चालते; चिदंबरची वीणा त्यांच्या वडिलांनी फणसाच्या एका खोडातून कोरलेली. त्यांनी गिटार हातात घेतली, टिचकी मारली, आवाज ऐकला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितले की जणू मी त्यांना मेलेला उंदीर दिला.

“अय्या, हे काय दिवस आले?” त्यांनी चिदंबरला विचारले; ‘अय्या’ हे त्यांचे आदराने.

चिदंबर म्हणाला, “दिवस आले ते आलेच, आचारी. घोडी करून द्याल का?”

“घोडी करीन. वीणेसारखी करीन. पण मग तुम्ही ती वीणा वाजवा ना.”

चिदंबरने डावा हात उचलून दाखवला. जेमतेम छातीपर्यंत आला. आचारींनी सूत काढून मापे घेतली आणि गेले.

१९ जुलै, सोमवार

आडी लागला. वारा सुटला आहे, घरभर धूळ. सकाळी आचारी घोडी बसवून घेऊन आले.

सुंदर काम. खाली फणसाचा ठोकळा, वर काशाची पट्टी, तिला वीणेच्या घोडीसारखा नजरेला न दिसणारा बाक. चिदंबरने सूर छेडला आणि रेडिओतून असा भरीव, किंचित गुणगुणणारा आवाज आला की शेजारच्या वसुमती खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. मग त्याने दांडी दाबली. काही झाले नाही. जोर लावला. काहीच नाही.

आचारींनी घोडी लाख आणि राळ ओतून लाकडात कायमची बसवली होती. दांडी शोभेला ठेवली होती.

“आचारी, ही हलत नाही,” मी म्हटले.

“हलेल कशी, अम्मा? चार पिढ्यांत आमची घोडी हललेली नाही.”

“पण हलण्यासाठीच करायची होती!”

“घोडी हलली तर सूर कुठे बसेल? असलं काम केलं तर माझा बाप वरून खाली उतरेल.”

चिदंबर हसायला लागला. डावा गाल अजून नीट उचलत नाही, त्यामुळे हसणे तोंडाच्या एका बाजूला गोळा होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मला यात हसण्यासारखे काही दिसले नाही. नऊ दिवस फुकट गेले. डॉक्टरांच्या वहीत लिहायला बसले, तेव्हा लक्षात आले की लिंबू द्यायचेच राहिले.

२२ जुलै, गुरुवार

आचारींना तोंडी समजावून उपयोग नव्हता. त्यांना घेऊन माझ्या जुन्या शाळेत गेले. हल्लीच्या मुख्याध्यापिका नागलक्ष्मी माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. प्रयोगशाळा उघडून देऊन त्या तासावर गेल्या. काचेच्या पेटीतला तराजू मी आचारींसमोर ठेवला. मी बी.ए.ला पदार्थविज्ञान घेतले तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो आणि हा तराजू मला घरच्या देवासारखा वाटे.

तराजूच्या दांडीच्या मध्यभागी सुरीच्या धारेसारखे पाते असते. तेवढ्या एका धारेवर सगळा भार टेकतो. घासायला जागाच नाही, म्हणून काटा कितीही झुलला तरी नेमका शून्यावर परत येतो. मी पारड्यात तांदळाचा एक दाणा टाकला. काटा सरकला. दाणा काढला. काटा परत.

आचारींनी मला दाणा पुन्हा टाकायला लावला. मग पुन्हा. मग स्वतः टाकला. अर्धा तास ते त्या पेटीसमोर वाकून होते.

“सहा स्क्रू नकोत,” ते शेवटी म्हणाले. “दोन खांब. खांबांना खाच. घोडीला पातं. पुढून तारा ओढतील, मागून स्प्रिंगा ओढतील, आणि ती मध्ये उभी राहील.”

“मग दाबली तर सूर खाली जाईल आणि उचलली तर वर,” मी म्हटले.

“आधी का नाही सांगितलंत, अम्मा?”

मी चढ्या आवाजात काही बोलणार होते. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी समजावले नव्हते, नुसते सांगितले होते.

२६ जुलै, सोमवार

स्प्रिंगा मिळत नाहीत. बाजारात मिळतात त्या एक तर फार लठ्ठ, नाही तर खेळण्यातल्या. आचारी दोनदा हात हलवत आले. माझ्या सायकलच्या रुंद सीटखाली बारीक स्प्रिंगांची रांग आहे, दोन्ही टोकांना आकडे असलेली. अगदी हव्या तेवढ्या लांबीच्या. सात काढून दिल्या. सायकलवरून बावीस वर्षे शाळेत गेले. हल्ली ती भिंतीला टेकूनच असते.

चिदंबर म्हणाला, “अक्का, सीट बसली गे तुझी.”

म्हटले, मी कुठे जाणार आहे?

३ ऑगस्ट, मंगळवार. आडी अठरा

आडीच्या अठराव्या दिवशी नदीची पूजा असते, म्हणून सगळी आळी चित्रान्नांचे डबे घेऊन तिरुवैयारूला नदीवर गेली. वसुमती बोलवायला आल्या होत्या. चिदंबरला घाटाच्या पायऱ्या झेपायच्या नाहीत म्हणून आम्ही घरीच. चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात इथेच केले. आचारीही नदीवर गेले नाहीत. दहा वाजता गिटार घेऊन हजर.

घोडीचे पाते जुन्या कानशीचे, दगडावर घासून धार काढलेले. ते पितळेच्या दोन खांबांच्या खाचांत टेकते. वरची काशाची पट्टी तीच, आचारींनी तेवढा हट्ट राखला. पाठीमागे माझ्या चार स्प्रिंगा. घोडी कशालाच चिकटलेली नाही. खरोखर मध्ये उभी आहे.

चिदंबरने एक तार ठेवून बाकीच्यांखाली कापड सारले. शहाणा राग घेतला. डावे बोट गांधारावर नुसते टेकलेले. उजव्या हाताने छेडले, आणि त्याच हाताच्या करंगळीने दांडी थोडी उचलली. गांधार मध्यमाकडे चढला, तिथे क्षणभर झुलला आणि खाली उतरून जागेवर बसला. त्याने पुन्हा केले. मग मध्यमावर, मग निषादावर. चुकत होते, बरेच चुकत होते. दांडी कधी जास्त उचलली जाई, कधी उशिरा. पण तो शहाणाच होता. दुसरे नाव देता आले नसते.

आचारी भिंतीकडे तोंड करून बसले होते. ते म्हणाले, “अय्या, डोळे मिटले तर मला वीणाच दिसते.”

“मिटूनच ठेवा,” चिदंबर म्हणाला. “उघडलेत तर लाल रंग दिसेल.”

मी शाळेतून आणलेला स्वरकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, कानाशी धरून वाद्य तपासले. पाऊण तास वाजवून सहाही तारा जागेवर. भात वाढायला दोन वाजले, सगळा गार. कोणी तक्रार केली नाही.

हाताची नोंद करायची राहिली. उद्या दोन्ही दिवसांची करीन.

६ ऑगस्ट, शुक्रवार

कृष्णमूर्तीचे पत्र. चिदंबरने तमिळमध्ये मोठ्याने वाचून दाखवले. मजकूर असा: सोळाला ऐकणे पसंत पडले तर त्याच दिवशी सोबत घेऊन जाईन. तिरुचीत माझ्या घरी खालची खोली रिकामी केली आहे, पायऱ्या चढायला नकोत. माझी आई जेवणाखाण्याचे बघेल. संध्याकाळी चार मुले वीणा शिकायला येतील, सारांनी बसून फक्त ऐकायचे आणि चुका काढायच्या.

मला वाटले होते, लग्नापुरते बसने जाईल आणि परत येईल.

“मी हो कळवलं, अक्का,” तो म्हणाला. पत्र काल आले होते. उत्तर आज सकाळीच टाकले होते.

मला विचारायचे काही कारण नव्हते. मोठा माणूस आहे. माझी पाठही सुटेल. सकाळचे चार तास मोकळे होतील; वाचायची पुस्तके साठली आहेत.

वीणेच्या तारा सैल करून ठेवायला त्याने आचारींना सांगितले आहे. वीणा आचारींच्या दुकानात राहील, ज्याला शिकायला हवी त्याला ते देतील. हेही मला नंतर कळले.

८ ऑगस्ट, रविवार

जाडी तार परत येताना केसभर कमी येते. चिदंबर म्हणतो येत नाही. मी स्वरकाट्याने तीनदा तपासले. केसभर का होईना, कमी. आचारींकडे पाठवली.

१० ऑगस्ट, मंगळवार

आचारी परत घेऊन आले. काही सापडले नाही म्हणतात. मी तपासले, अजून दोष आहे. आज तर मधल्या तारेतही वाटला. पुन्हा घेऊन जा म्हटले.

“अम्मा, वाद्यात आता दोष नाही. मी आता तासलं तर दोष येईल.”

“दोन तास टिकायला हवं. दोन मिनिटं नव्हे.”

चिदंबर म्हणाला, “शनिवारी तीन तास टिकलं. तूं स्वयंपाकघरातून ऐकत होतीस.”

“मला केसभर कमी ऐकू आलं.”

“कान कोणाचा, अक्का? तुझा की माझा?”

माझा कान त्याच्याइतका नाही हे मला माहीत आहे. पण मापाला कान लागत नाही, माप लागते. सोळा तारखेला कृष्णमूर्तीसमोर वाद्य उतरले तर नामुष्की चिदंबरची होईल, आचारींची नव्हे. कोणी तरी काटेकोर असायला हवे.

१२ ऑगस्ट, गुरुवार

घडले ते लिहिते.

दुपारी जेवण झाल्यावर चिदंबर पडवीत बसला होता. मी गिटार आत घेतली, तारा सैल केल्या आणि घोडी काढली. पात्याची एक बाजू मला किंचित तिरपी दिसत होती. दगडावर घासली. परत बसवताना पाते खाचेत नीट जाईना, म्हणून हातोडीने एक ठोका दिला. पाते मधोमध तुटले.

कानशीचे पोलाद कडक असते आणि म्हणूनच ठिसूळ. हे मी आठवीला दर वर्षी शिकवत असे.

आवाज ऐकून तो काठी टेकत आत आला. टेबलावर दोन तुकडे होते. काठी टेबलाला टेकवून त्याने ते जुळवून बघितले. मग पलंगाच्या कडेला बसला.

“आयुष्यात तूं एकही काम बिघडवलं नव्हतंस,” तो म्हणाला. “हें बाकी झकास बिघडवलंस.”

म्हटले, पाते तिरपे होते.

“पातं सरळ होतं गे. अक्का, मी जाऊं नये असं असेल तर तोंडानं बोल. हातोडीनं नको.”

“वेड्यासारखं बोलू नकोस. पातं तिरपं होतं.”

“बरं. तिरपं होतं.”

नंतर त्याने चहा मागितला नाही, रेडिओ लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, मे महिन्यात पडून असायचा तसा. लिंबू दिले, घेतले नाही. डॉक्टरांच्या वहीत आज काय लिहावे कळत नाही. हाताने काहीच केले नाही.

आचारींच्या दुकानाला कुलूप. तिरुवैयारूला एका वीणेचे पडदे बसवायला गेले आहेत. चार दिवसांनी येणार. चार दिवसांनी सोळा तारीख.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी पहिल्या बसने तिरुवैयारूला गेले. बस भरलेली, उभीच होते. आचारी एका गायनशिक्षकाच्या ओसरीवर, वितळलेल्या मेणात पडदे बसवत होते. मेण थंड व्हायच्या आत चोवीस पडदे सुरात बसवायचे असतात, त्या कामात माणसाशी बोलत नाहीत. मी दीड तास ओसरीच्या पायरीवर बसले. कोणाच्या दारात अशी बसण्याची ही माझी पहिली वेळ.

संपल्यावर त्यांच्या हातावर दोन तुकडे ठेवले.

“कोणी ठोकलं?”

“मी.”

त्यांनी तुकडे उलटसुलट करून बघितले. माझ्याकडे बघितले. “नवं करायला दोन दिवस. इथलं काम सोडून यावं लागेल, अम्मा. ह्या माणसाला मी शब्द दिलाय.”

त्या शिक्षकाशी मी बोलले. काय झाले, कोणी केले, कोणासाठी हवे, सगळे. बाळकृष्णराव त्यांचे नाव. चिदंबरला त्यांनी ऐकले होते. ते म्हणाले, “माझी वीणा मंगळवारपर्यंत थांबेल. त्यांची का थांबावी?”

परत येताना आचारी बसमध्ये शेजारी बसले. उतरताना म्हणाले, “ह्या वेळी मी दोन पाती करतो.”

मी विचारले नाही, दुसरे कशाला.

१५ ऑगस्ट, रविवार

पाते बसले. मी हात लावला नाही, स्वरकाटाही काढला नाही. चिदंबरने सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन तास वाजवले. मी स्वयंपाकघरात होते.

मध्ये एकदा त्याने हाक मारली. “अक्का, बघतेस का? केसभर कमी आहे काय?”

म्हटले, नाही. बरोबर आहे.

त्याची ट्रंक भरली. धोतरे, शर्ट, चष्मा. डाव्या बाहीची बटणे मी मार्चमध्येच काढून हूक लावले होते. आता ते त्याला एका हाताने लागतात.

१६ ऑगस्ट, सोमवार

कृष्णमूर्ती नऊला आला. साडेनऊ ते पावणेबारा ऐकले. आधी त्याने सांगितलेली सिनेमाची गाणी. चिदंबरने ती नाक मुरडून, पण नीट वाजवली. मग काही न सांगता शहाणा, आणि शेवटी आनंदभैरवी. संपल्यावर कृष्णमूर्तीने एकेक तार स्वतः छेडून बघितली. सहाही जागेवर. तो उठून चिदंबरच्या पाया पडला. चिदंबर म्हणाला, “पुरे. लग्नात सांबार तरी बरं मिळतं काय तें सांग.”

जेवणे झाली. मी यादी केली. सही करताना कृष्णमूर्तीने ती वरून खालपर्यंत वाचली आणि म्हणाला, “अम्मा, सारांचं नावच नाही यात.”

म्हटले, ते माझ्या ताब्यात नव्हते.

कृष्णमूर्तीच्या ताब्यात दिले, दुपारी दोन वाजता:

लाल गिटार एक, नवी घोडी बसवलेली. घोडी काढू नये.

जुनी घोडी, सहा स्क्रू, कागदात गुंडाळून. पुन्हा बसवू नये.

जादा पाते एक. ठोकू नये.

जादा स्प्रिंगा तीन.

पेन्सिल एक, तारांच्या खाचांसाठी.

ट्रंक एक. उशा दोन, पातळ ती डाव्या हाताखाली.

औषधे, महिनाभराची. तेलाची बाटली. तेल कोमट करून लावावे, खांद्यापासून खाली.

डॉक्टरांची वही. रोज भरावी.

तोंडी सांगितले, दोनदा: डावा हात गार पडला की वाजवू देऊ नये. तो स्वतः सांगणार नाही. विचारावे लागते.